स्थायिभावांची यादी आणि रसिकाचे मन : मानसशास्त्रातील संप्रदाय व मराठी साहित्यविचार

१

१९१२ साली अकोल्यात मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी हरि नारायण आपटे होते. ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत एका स्त्रीचे सगळे आयुष्य तिच्याच तोंडून सांगवून मराठी कादंबरीला माणसाच्या आतल्या बाजूकडे वळवणारा लेखक अध्यक्ष म्हणून लाभावा, ही आमच्या शहराच्या वाङ्मयीन इतिहासातील एक अभिमानाची नोंद आहे. त्याच वर्षी जर्मनीत मॅक्स वेर्थायमर यांचा गतीच्या भासासंबंधीचा प्रबंध प्रसिद्ध झाला. एकापाठोपाठ एक लागणारे दोन स्थिर दिवे पाहणाऱ्याला एकच हलता दिवा म्हणून दिसतात, हे त्यांनी फ्रँकफुर्ट येथील प्रयोगांतून दाखवले, आणि समष्टिवादी मानसशास्त्राचा आरंभ येथून मानला जाऊ लागला. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तरीही त्या शेजारीशेजारी ठेवल्या की एक प्रश्न उभा राहतो. माणसाचे मन हाच साहित्याचा विषय, आणि मन हाच या नव्या शास्त्राचाही विषय. मग या दोहोंची मराठीत गाठ कशी पडली, आणि त्या गाठीतून मराठी समीक्षेच्या हाती नेमके काय लागले?

मराठीतील साहित्यविचाराने मानसशास्त्राची मदत घेतली, हे विधान आता पाठ्यपुस्तकी झाले आहे. परंतु ‘मानसशास्त्र’ या एकवचनी नावाखाली परस्परांशी भांडणारे अनेक संप्रदाय नांदत होते, याची दखल आपण क्वचितच घेतो. कोणत्या संप्रदायाकडून काय घेतले, ते घेताना त्या संप्रदायाची स्वतःच्या शास्त्रातील स्थिती काय होती, आणि घेतलेल्या गोष्टीबरोबर तिच्यामागची शंका व पद्धती आली का, हे प्रश्न विचारल्याशिवाय त्या मदतीचे मोल ठरवता येणार नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: मराठी समीक्षा मानसशास्त्राकडे बहुधा निर्णय मागण्यासाठी गेली, प्रश्न विचारण्याची रीत शिकण्यासाठी गेली नाही. त्यामुळे रसिकाच्या मनाविषयी आपण पुष्कळ बोललो. प्रत्यक्ष रसिकाला मात्र फारसे विचारले नाही.

२

संप्रदायांचा इतिहास येथे तपशिलाने सांगण्याचे कारण नाही. पुढील विवेचनाला लागेल तेवढीच रूपरेषा पुरे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा उभारली आणि मानसशास्त्र तत्त्वज्ञानाच्या घरातून वेगळे निघाले. वुंट यांचे शिष्य टिचनर यांनी अमेरिकेत रचनावादाची मांडणी केली. अनुभवाचे विश्लेषण करत गेल्यास शेवटी संवेदना, प्रतिमा व भाव हे मूलघटक हाती लागतात, आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या अंतर्निरीक्षणाने ते नोंदता येतात, ही त्याची भूमिका. (साहित्यसमीक्षेत पुढे गाजलेल्या संरचनावादाशी या रचनावादाचा संबंध नाही, नावांच्या साम्याने विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो, म्हणून हा खुलासा.) विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात या विश्लेषणालाच हरकत घेतली होती. जाणीव ही सुटे मणी ओवलेली माळ नसून प्रवाह आहे, आणि सुटी संवेदना हे विश्लेषकाने मागाहून केलेले अमूर्तीकरण आहे, असे त्यांचे म्हणणे. समष्टिवाद्यांनी हीच हरकत वेगळ्या दिशेने नेली: अवयवी हा अवयवांच्या बेरजेने होत नाही, उलट अवयवाला त्याचे रूप अवयवीतील स्थानामुळे मिळते. १९१३ मध्ये वॉटसन यांनी जाणीव, अंतर्निरीक्षण वगैरे सर्वच शब्द शास्त्रातून हद्दपार करून वर्तन एवढाच विषय ठेवला. दुसरीकडे फ्रॉइड यांच्या स्वप्नमीमांसेच्या १९०० च्या ग्रंथापासून मनोविश्लेषण प्रयोगशाळेबाहेर, रुग्णाच्या बोलण्यातून वाढत होते. मॅक्डूगल यांनी १९०८ साली सामाजिक मानसशास्त्रावरील आपल्या ग्रंथात सहजप्रवृत्ती व त्यांच्याशी निगडित प्राथमिक भावना यांच्या आधारे मानवी वर्तनाचा उलगडा केला.

या संप्रदायांना एकाच इमारतीचे मजले समजणे चुकीचे ठरेल. त्यांतले काही तर एकमेकांचे पायेच उखडत होते. मॅक्डूगल व वॉटसन यांचा १९२४ साली वॉशिंग्टन येथे जाहीर वाद झाला, तो केवळ तपशिलाचा नव्हता. मन हा शब्द शास्त्रात ठेवायचा की नाही, यावरचा होता. आपल्या देशातही या संप्रदायांचा प्रवेश एका वाटेने झाला नाही. कलकत्त्यात विद्यापीठीय पातळीवर प्रायोगिक मानसशास्त्र सुरू झाले, आणि त्याच शहरात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. मराठीत मात्र मानसशास्त्राला पहिला मोठा ग्राहक भेटला तो प्रयोगशाळेत किंवा रुग्णालयात भेटला नाही. तो काव्यशास्त्राच्या वर्गात भेटला. पुढची बरीच हकिकत या एका गोष्टीने ठरवली आहे.

३

डॉ. के. ना. वाटवे यांचा ‘रसविमर्श’ १९४२ साली प्रसिद्ध झाला. रा. श्री. जोग, द. के. केळकर यांच्या ग्रंथांनी तिसाव्या दशकाच्या आरंभीच काव्यचर्चेला नवी बैठक दिली होती. वाटवे यांनी त्यापुढे जाऊन रसव्यवस्थेला आधुनिक मानसशास्त्राचा आधार देण्याचा विस्तृत प्रयत्न केला. त्यासाठी त्यांना मॅक्डूगल यांचा संप्रदाय जवळचा वाटला, आणि तसा तो वाटावा याला सबळ कारण होते. वर्तनवादात भावनेला जागा नव्हती. रचनावादात भाव होता, पण त्याचे वर्गीकरण सुखदुःखाच्या छटांपलीकडे फारसे जात नव्हते. मॅक्डूगल यांच्याकडे मात्र भावनांची चक्क यादी होती. शिवाय या भावना व्यक्तीनुसार बदलणाऱ्या नव्हेत, मनुष्यमात्रात जन्मजात आहेत, असा त्यांचा दावा होता. स्थायिभाव सर्वांच्या ठायी वासनारूपाने असतात, असे मानणाऱ्या परंपरेला याहून सोयीचा साक्षीदार मिळणे कठीण.

परंतु दोन याद्या समोरासमोर ठेवून पाहण्यासारख्या आहेत. भरताचे स्थायिभाव आठ: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय. मॅक्डूगल यांच्या १९०८ च्या मांडणीतील ठळक प्राथमिक भावना सात: भय, जुगुप्सा, विस्मय, क्रोध, दैन्य, अहंभाव आणि वात्सल्य. चार नावे तंतोतंत जुळतात, आणि पहिल्या वाचनात ही जुळणी थक्क करते. उरलेल्यांकडे पाहिले की मात्र चित्र बदलते. ज्या शृंगाराला आपल्या काव्यशास्त्राने रसराज म्हटले, त्याच्या मुळाशी असलेल्या प्रवृत्तीला मॅक्डूगल यांच्या या यादीत स्वतःची ठळक प्राथमिक भावना नाही. शोक त्यांच्या मते मूळ भावना नव्हे, तर प्रेमाच्या स्थिरवृत्तीतून निघणारी साधित भावना. हास १९०८ च्या यादीत नाही. उत्साहाला नेमका प्रतिशब्द नाही. उलट जे वात्सल्य आपल्याकडे विश्वनाथासारख्या उत्तरकालीन आचार्याच्या मान्यतेची वाट पाहत राहिले, ते तेथे पहिल्या पंक्तीत बसले आहे. आणि पूज्यभाव ही त्यांच्या मते अनेक भावनांची संमिश्र घडण आहे.

हा शेवटचा मुद्दा मराठी वाचकाला विशेष महत्त्वाचा वाटला पाहिजे. भक्ती हा स्वतंत्र रस मानायचा की नाही, हा आपल्याकडे केवळ शास्त्रार्थाचा विषय नाही; संतकाव्याच्या दर्जाचा निर्णय त्याच्याशी जोडला गेला आहे. प्राथमिक भावना तेवढी रसपदवीला पात्र, असे एकदा मान्य केले की ज्ञानेश्वर-तुकारामांच्या काव्याचे स्थान एका इंग्रज मानसशास्त्रज्ञाच्या यादीतील चढउतारांवर अवलंबून राहते. आणि ती यादी खरोखरच चढउतारांची होती. मॅक्डूगल यांनी पुढील काळात तिच्यात भर घातली; १९३२ च्या ग्रंथात तर ‘सहजप्रवृत्ती’ हा शब्द बाजूला सारून ‘प्रवणता’ अशा अर्थाचा शब्द स्वीकारला आणि तिची संख्या अठरापर्यंत नेली. त्याआधी १९२४ मध्ये बर्नार्ड यांनी तत्कालीन ग्रंथांची छाननी करून लेखकांनी हजारो गोष्टींना सहजप्रवृत्ती म्हणून टाकले आहे, हे दाखवून दिले होते. प्रत्येक वर्तनासाठी एक प्रवृत्ती कल्पिली की उलगडा झाल्याचा भास होतो, प्रत्यक्षात वर्तनालाच दुसरे नाव मिळते, हा आक्षेप तोवर रूढ झालेला होता.

‘रसविमर्शा’चे मोल कमी करण्याचा येथे हेतू नाही. रसचर्चेला केवळ वचनप्रामाण्यातून सोडवून अनुभवाच्या कसोटीकडे नेण्याची त्या ग्रंथामागील इच्छा खरी होती, आणि तिचे ऋण पुढच्या सर्वांवर आहे. प्रश्न आहे तो प्रामाण्याच्या स्थानांतराचा. आधी भरताचे वचन होते. आता मॅक्डूगल यांचे वचन आले. ज्या शास्त्राकडे आपण अनुभवाचा पुरावा मागायला गेलो, त्याचा पुरावा त्याच्याच घरी वादग्रस्त ठरला होता, ही बातमी काव्यशास्त्राच्या वर्गापर्यंत पोहोचली नाही.

४

त्याच १९४२ साली बा. सी. मर्ढेकर यांची ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. संज्ञाप्रवाहाचे तंत्र मराठीत जाणीवपूर्वक वापरणारी कादंबरी म्हणून तिची नोंद होते. या संज्ञेचा उगम जेम्स यांच्या मानसशास्त्रात आहे. कादंबरीला ते तंत्र पाश्चात्त्य कादंबरीकारांच्या मार्फत मिळाले असले तरी त्यामागील मनाचे चित्र जेम्स यांचेच: एका क्षणाचा दुसऱ्यावर ओघळ, मध्ये कोठेही स्वच्छ चीर नाही.

आता मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराकडे पाहावे. १९३७ च्या ‘आर्ट्स अँड मॅन’ या इंग्रजी पुस्तकापासून ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) पर्यंत त्यांच्या विचाराचा आरंभबिंदू संवेदना हा आहे. व्यावहारिक प्रयोजनातून सोडवलेल्या शुद्ध संवेदना हे ललित कलांचे द्रव्य, आणि संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनुसार झालेली त्यांची संघटना म्हणजे सौंदर्य. साहित्यात संवेदनेची जागा भावनात्मक अर्थाला द्यावी लागते, आणि तेथे या उपपत्तीची खरी कसोटी लागते. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रभाकर पाध्ये यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहून मर्ढेकरांच्या सौंदर्यमीमांसेची तपासणी केली, आणि रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) या भूमिकेची तात्त्विक चिकित्सा आहे. येथे लक्ष वेधायचे आहे ते एका वेगळ्या विसंगतीकडे.

घटक म्हणून सुटी, शुद्ध संवेदना गृहीत धरणे ही रचनावादाची चाल आहे. त्या घटकांचे मोल त्यांच्या परस्परसंबंधांवर, म्हणजे समग्र आकृतीवर अवलंबून आहे असे म्हणणे ही समष्टिवादाच्या जवळची चाल आहे. वेर्थायमर यांनी १९२३ मध्ये सांगितलेली संघटनेची तत्त्वे (सान्निध्य, साम्य, पूर्णता इत्यादी) आणि मर्ढेकरांची लयतत्त्वे यांत कौटुंबिक साम्य जाणवते. मर्ढेकरांनी ती तेथून घेतली, असा दावा येथे केलेला नाही. दोन्हींकडे आकृतीची ओढ एक आहे, एवढेच. परंतु समष्टिवादाने पहिला घाव घातला होता तो सुट्या संवेदनेच्या कल्पनेवरच. दिव्यांच्या प्रयोगात दिसते ती गती दोन संवेदनांची बेरीज नाही. तेथे दोन संवेदना ‘आधी’ असतात आणि ‘मग’ त्यांची संघटना होते, असे म्हणताच येत नाही. म्हणजे मर्ढेकरांच्या उपपत्तीत द्रव्य एका संप्रदायाचे आणि रूप त्याच्या प्रतिपक्षाचे, अशी स्थिती आहे. भर म्हणून कादंबरीत तिसरा, जेम्सप्रणीत प्रवाह आहे.

ही विसंगती दोष म्हणून नोंदवून थांबणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकाला ती फलदायी वाटते. कवी मर्ढेकरांना सुटी, धारदार संवेदना हवी होती. सौंदर्यमीमांसक मर्ढेकरांना तिच्यावर हुकमत गाजवणारी आकृती हवी होती. कादंबरीकाराला तिचे वाहणे हवे होते. मराठी नवसाहित्याचा ताण या तिन्हींत विभागला गेला आहे. मानसशास्त्रातील संप्रदायांचा इतिहास शेजारी ठेवला नसता, तर हा ताण इतक्या स्पष्टपणे दिसला नसता. मानसशास्त्राचा समीक्षेला होणारा खरा उपयोग बहुधा असाच असावा: त्याने निकाल देऊ नये, आपल्याच भूमिकेतील फट दाखवावी.

५

मनोविश्लेषणाची हकिकत निराळी आहे. तो संप्रदाय उपपत्तीच्या दाराने न येता शब्दांच्या आणि कथांच्या दाराने आला. गंगाधर गाडगीळ यांच्या १९४६ मधील कथासंग्रहाचे नावच ‘मानसचित्रे’ आहे. नवकथेने पात्राच्या कृतीपेक्षा कृतीमागच्या धूसर हेतूंना महत्त्व दिले, आणि त्या धूसरतेविषयी बोलण्यासाठी समीक्षेला परिभाषा लागली. अ‍ॅडलर यांच्या कल्पनेचा ‘न्यूनगंड’ हा मराठी अवतार तर इतका रुजला की आज तो आपल्या जुन्या शहराच्या कट्ट्यावरही ऐकू येतो, आणि वापरणाऱ्याला अ‍ॅडलर हे नाव ठाऊक असण्याची गरज नसते. शास्त्रीय संज्ञा बोलीत उतरली की तिची धार जाते. पण ती उतरली याचा अर्थ समाजाला तिची गरज होती, हेही खरे.

‘नेणीव’ या शब्दाचा प्रवास अधिक बोधप्रद आहे. फ्रॉइड यांच्या मूळ कल्पनेसाठी मराठीत अबोध मन, सुप्त मन, नेणीव असे पर्याय वापरले गेले. यांतील ‘नेणीव’ नवा घडवलेला नाही. जाणीव आणि नेणीव ही जोडी हरिपाठात आहे, आणि तेथे तिचा अर्थ दडपलेल्या इच्छांचा तळघर असा नाही. अकोल्यातील मोर्णेकाठच्या जुन्या वस्तीत संध्याकाळी हरिपाठ ऐकत वाढलेला विद्यार्थी एम. ए. च्या वर्गात येतो तेव्हा हा शब्द त्याच्या कानात आधीपासून असतो. एकदा वर्गात ‘नेणीव म्हणजे काय’ हे दोन ओळींत लिहायला सांगितले असता काहींनी फ्रॉइड लिहिला, काहींनी देवापुढे शहाणपण गळून पडणे असा अर्थ लिहिला, आणि एका मुलीने दोन्ही लिहून मध्ये प्रश्नचिन्ह ठेवले. ते प्रश्नचिन्ह मला सगळ्यांत बरोबर वाटले.

कारण अनुवादित संज्ञा ही रिकामी पाटी नसते. शरद् पाटील यांनी ‘अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र’ (१९८८) या ग्रंथात नेणिवेला केंद्रस्थानी आणले, आणि तसे करताना दिङ्नाग-धर्मकीर्ती यांच्या बौद्ध ज्ञानमीमांसेकडे ते वळले. त्यांच्या निष्कर्षांविषयी मतभेद असू शकतील. परंतु समाजरचनेतील विषमता माणसाच्या नेणिवेत कशी मुरते, हा त्यांचा प्रश्न मराठी समीक्षेने मानसशास्त्राच्या संदर्भात विचारलेल्या मोजक्या खऱ्या प्रश्नांपैकी एक आहे. तो विचारल्याबरोबर ‘मनुष्यमात्राचे मन’ हे गृहीतक डळमळते. दलित साहित्याच्या समीक्षेने आनंद हेच साहित्याचे प्रयोजन मानण्यावर जो आक्षेप घेतला, त्याचा रोखही याच गृहीतकाकडे आहे: आनंद कोणाला, आणि कोणाच्या वेदनेतून?

६

येथवरच्या इतिहासात एक व्यक्ती सतत उल्लेखिली जाते आणि सतत अनुपस्थित राहते. ती म्हणजे रसिक. त्याच्या ठायी वासना असतात, सहजप्रवृत्ती असतात, लयीची जाण असते, नेणीव असते. त्याला नेमके काय झाले, हे मात्र कोणी त्याला विचारत नाही.

केंब्रिज येथे आय. ए. रिचर्ड्स यांनी नेमके हे विचारले. कवीचे नाव व काळ न सांगता त्यांनी विद्यार्थ्यांना कविता वाटल्या, त्यांचे अभिप्राय लिहून घेतले, आणि १९२९ मध्ये तेरा कवितांवरील हे अभिप्राय विश्लेषणासह प्रसिद्ध केले. त्यांचा १९२४ चा सैद्धांतिक ग्रंथ, त्यातील आवेगांच्या संतुलनाची उपपत्ती, ही तत्कालीन मानसशास्त्राबरोबरच जुनी झाली. १९२९ चे पुस्तक जुने झाले नाही, कारण त्यात वाचक आहेत. त्याच केंब्रिजमध्ये बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा इंग्रज वाचकांना वाचायला देऊन पुन्हा पुन्हा सांगायला लावल्याचे प्रयोग मांडले. अपरिचित तपशील गळत, परिचित तपशील त्यांची जागा घेत, आणि कथा हळूहळू सांगणाऱ्याच्या संस्कृतीची होत जाई. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्तनवादाचा जोर ओसरून बोधनिक मानसशास्त्र पुढे आले, तेव्हा बार्टलेट यांच्या या कामाला नवे महत्त्व प्राप्त झाले.

रिचर्ड्स मराठीत वाचले गेले. त्यांची उपपत्ती शिकवलीही गेली. त्यांची रीत मात्र आपण आपलीशी केली नाही. याचे नवल अधिक वाटते, कारण त्या रीतीला लागणारी चौकट आपल्या परंपरेत तयार होती. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या मार्गातील सात विघ्ने सांगितली आहेत. वर्ण्य गोष्ट संभवनीयच न वाटणे, ती माझीच किंवा दुसऱ्याचीच, या स्थळकाळाच्या भानात अडकणे, स्वतःच्या सुखदुःखाने व्यापून जाणे, प्रतीतीची साधने अपुरी असणे, स्पष्टतेचा अभाव, गौण गोष्टीला प्राधान्य मिळणे, आणि संशय. रिचर्ड्स यांनी वाचकांच्या अभिप्रायांवरून काव्यवाचनातील दहा अडचणी सांगितल्या. त्यांत कवितेचा साधा अर्थच न लागणे आहे, स्वतःच्या खासगी आठवणींनी कविता झाकून टाकणे आहे, साचेबंद प्रतिसाद आहे, मतांचा अडथळा आहे. अभिनवगुप्ताचा ‘निजसुखादिविवशीभाव’ आणि रिचर्ड्स यांची असंबद्ध आठवणींची अडचण यांत शतकांचे अंतर आहे. निरीक्षण एकाच जागचे आहे.

म्हणजे आपल्या हाती दोन याद्या होत्या. एक स्थायिभावांची, दुसरी विघ्नांची. पहिली यादी बंदिस्त आहे; तिला फक्त समर्थन हवे असते, आणि समर्थनासाठी आपण संप्रदायामागून संप्रदायाकडे गेलो. दुसरी यादी मोकळी आहे. ती विचारते: या वाचकाला, या कवितेपाशी, कोठे अडले? स्थायिभावांसाठी मॅक्डूगल यांचा शोध घेणाऱ्या आपल्या अभ्यासकांनी विघ्नांची यादी घेऊन एखाद्या वर्गात प्रवेश केला असता, तर मराठी समीक्षेचा मानसशास्त्राशी असलेला संबंध सर्वस्वी वेगळा झाला असता.

हे काम अजूनही करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्या घरातून आलेला विद्यार्थी मर्ढेकरांच्या कवितेपाशी अडतो तेव्हा तो कशापाशी अडतो? शब्दापाशी, प्रतिमेतल्या महानगरापाशी, की ‘ही कविता माझ्यासाठी नाही’ या आधीच झालेल्या समजुतीपाशी? प्रमाणभाषेच्या वाचकाला वऱ्हाडी कविता हसू आणते, तेव्हा त्या हसण्यात हास हा स्थायी किती आणि साचेबंद प्रतिसाद किती? या प्रश्नांची उत्तरे वुंट, मॅक्डूगल किंवा फ्रॉइड यांच्या ग्रंथांत मिळणार नाहीत. ती विद्यार्थ्यांच्या वह्यांत आहेत. आपण त्या वह्या आजवर गुण देण्यासाठी तपासत आलो. रसविचाराचा पुरावा म्हणून त्या वाचायला हव्यात.